अंधाराचं काम

"घोंगडी डोक्यावरून घे आणि मधोमध उभी राहा. तू अंधार."

माई असं म्हणाल्या आणि पोरी हसल्या. मीही हसले. दहा वर्षांची असेन. सगळे हसतात तर आपणही हसावं, एवढीच अक्कल.

धारला मिशनच्या आवारात, चर्चमागच्या खोलीत, दर रविवारी आमची शब्बाथशाळा भरायची. शिकवायच्या माई. त्यांचे सासरे ब्राह्मण, पवारांच्या दरबारात कारभारी. पुढे ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याला इतकी वर्षं झाली तरी गाव त्यांना कारभारीच म्हणायचं आणि चर्चमधला पुढचा बाक त्यांचाच असायचा. आम्ही चांभार. आमचे पूर्वजही त्याच पवारांच्या फौजेमागून दक्षिणेतून आले, घोड्यांची खोगिरं शिवत शिवत. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात मिशनने आजोबांना मका खाऊ घातला, तेव्हा आजोबा ख्रिस्ती झाले. देव एक, बाप्तिस्मा एक, आणि आमचा बाक शेवटचा. जाता जात नाही ती जात म्हणतात, ते काय उगाच?

शिकवायच्या मात्र छान. खोटं का बोलू. सरकारी शाळेत सगळं हिंदी. मराठी वाचायला मला माईंनीच शिकवलं. त्यांची प्रश्नोत्तरं आम्ही सुरात म्हणायचो. तुला कोणी निर्माण केलं? देवाने. आणखी काय निर्माण केलं? सर्व काही. ते सर्व कोण सांभाळतो? देवच सांभाळतो. मी सगळ्यात मोठ्याने म्हणायची. घरी भाकऱ्या थापतानाही म्हणायची. आई वैतागायची, म्हणायची, तुझा देव चूल पेटवतो का बघ.

नाताळच्या आधी दरवर्षी सृष्टीचा खेळ व्हायचा. देवाने सहा दिवसांत काय काय केलं, ते मुलांनी करून दाखवायचं. एकजण परातीत पाणी आणायचा. एकजण मांडूची खोरासानी चिंच, म्हणजे गोरखचिंचेचं फळ, हातात धरायचा, ती झाडं. सूर्य, चंद्र, मासे, पाखरं. शेवटी माणूस. कोण काय होणार ते माई ठरवायच्या, आणि ते कसं ठरायचं हे सांगायला नको. सूर्य, चंद्र, माणूस पुढच्या बाकांवरचे. आमच्या गल्लीतली पोरं गुरं आणि सरपटणारे प्राणी. हातापायांवर रांगत यायचं आणि कोपऱ्यात बसायचं. त्यांचे आईबाप मागे उभे राहून कौतुकाने बघायचे.

मला सहाच्या सहा दिवसांचे उतारे पाठ होते. मला वाटलं, यंदा मला बोलायचं काम मिळणार. मिळाली घोंगडी. माझा रंग बघून माईंना ते सुचलं. आधी म्हणे खोलीत दिवा घालवून अंधार करायचे, पण दुपारच्या उजेडात तो कुठून होणार? मग माईंना माणसाचा अंधार सापडला. मी मधे उभं राहायचं, माईंची नात कंदील घेऊन येणार, पाळकसाहेब वचन वाचणार, की मी मागच्या दाराने बाहेर. परत यायचं नाही.

तालमीच्या वेळी मी विचारलं, "माई, मग अंधार कोणी केला?"

माई कंदिलाची काच पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अंधार करावा लागत नाही. तो असतोच. त्याला घालवावं लागतं."

खेळाच्या दिवशी सांगितलं तशी मी बाहेर गेले. बाहेर ऊन होतं. आतून एकेक दिवस ऐकू येत होता. शेवटी सगळी मुलं एका सुरात म्हणाली, देवाने जे जे केलं ते सर्व त्याने पाहिलं आणि ते फार चांगलं होतं. मग मिशनच्या मडमसाहेबांनी सगळ्यांना गुळाची पापडी वाटली. मला कोणी बोलावलं नाही. मुद्दाम नाही हो. विसरले. मुद्दाम केलं असतं तर निदान मी लक्षात तरी होते म्हटलं असतं.

घरी दादा, माझे वडील, जोडा शिवत बसले होते. मी विचारलं, दादा, मला देवाने केलंय का? त्यांनी आरी चामड्यातून काढली, दोरा ओढला आणि म्हणाले, "केलं असेलच की." असेल. माझा बाप आठवड्यातून दोनदा प्रार्थनेला जाणारा माणूस. त्यालाही खात्री नव्हती. त्या संध्याकाळी मी जेवले नाही आणि का ते कुणाला सांगता आलं नाही.

पुढे राज गेलं, दरबार गेला, पागेतले घोडे विकले. दादांचं खोगिरांचं काम संपलं. मिशनने त्यांना माळीकाम दिलं आणि आवाराच्या कडेला एक खोली. मी शिकले, मास्तरीण झाले आणि माईंच्या हाताखाली त्याच शब्बाथशाळेत लागले. माई म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच. मी लहान मुलांना तीच प्रश्नोत्तरं शिकवायची. ज्याची स्वतःला खात्री नाही ते मुलांच्या तोंडात घालायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

माझ्या वर्गात शांता होती. मिशनच्या दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईची मुलगी. काळी, बारीक, हुशार. उत्तर द्यायला उभी राहिली की टाचा उचलायची.

गेल्या नाताळच्या आधी माई वर्गात आल्या. कामं वाटली. मग शांताकडे बोट केलं आणि मला म्हणाल्या, "हिला घोंगडी दे."

घोंगडी माझ्या बाजूलाच खुर्चीवर होती. मी ती उचलली नाही.

"नाही देणार."

"का ग?"

"हिला देवाने केलंय म्हणून."

माई रागावल्या नाहीत. तेच तर. मला वाटलं होतं ओरडतील. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, मी कुठे नाही म्हणते? पण कुणाला काय शोभतं ते बघायला नको का?"

मी म्हटलं, मग यंदा तुमच्या नातीची लेक अंधार होऊ दे. माईंचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच मी त्यांना दुखावलं होतं, आणि मला बरं वाटलं. अगदी बरं वाटलं.

"तुला इथवर कोणी सांभाळलं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या आजाला मका कोणी घातला? तुला अक्षर कोणी दिलं?"

"मला देव सांभाळतो," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत. आता तुम्हीच खोटं म्हणा."

त्यांनी खोटं म्हटलं नाही. काठी टेकत बाहेर गेल्या.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी दादांना बोलावलं. भला माणूस. त्यांनीही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, पोरीने माफी मागावी, नाहीतर वर्ग दुसरीला द्यावा लागेल. आणि खोलीचंही बघावं लागेल. शेजारचा बढई दादांना येऊन सांगून गेला, भैया, पोरीला समजाव, नदीत राहून मगरीशी वैर करू नये. दादा माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. माझा बाप. माझ्यापुढे. म्हणाले, "माफी माग. अपन छोटे लोग."

मी मागितली नाही. वर्ग गेला.

नाताळला खेळ झाला. शांताने घोंगडी घेतली. कोणी जबरदस्ती केली नाही. तिला खेळात काम मिळालं म्हणून ती हरखली होती. तिची आई दवाखान्यात सांगत फिरली, माझ्या पोरीला सगळ्यात पहिलं काम दिलंय. मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, बाई, तुम्ही माझ्या पोरीच्या वाटेत का आलात? ती बरोबर होती. मी तिची वाटच अडवत होते. शांता आता माझ्याशी बोलत नाही.

आता मी रविवारी आमच्या जुन्या गल्लीत, चिंचेखाली बसते. आधी बरीच पोरं यायची. मग आयांना कळलं की इथे आलं तर मिशनच्या शाळेत नाव लागायला अडचण होते. कोणी तसं म्हटलेलं नाही. कोणाला म्हणावं लागत नाही. आता दोघं-तिघं येतात, कधी तीही येत नाहीत. दादा समोरून जातात, मान खाली घालून. यातून काही होईल असं मला वाटत नाही. माझ्या हयातीत तर नाहीच.

पण मला आता खात्री आहे. ज्या दिवशी मी नाही म्हटलं त्या दिवशी ती आली, आणि ती मला कोणी वाटून दिलेली नाही. म्हणून मी बसते. समोर मूल असलं तर त्याचं नाव घेऊन विचारते, तुला कोणी केलं? ते दबकत उत्तर देतं. मी पुन्हा विचारते. ते ताठ उभं राहून, माझ्या डोळ्यात बघून सांगेपर्यंत पुढचा प्रश्न मी विचारत नाही. खोली सोडा म्हणतील तर सोडू. धार सोडा म्हणतील तर देवासला जाऊन बसेन. माफी मागणार नाही.