मधात उभा राहणारा

दोन्ही हात दोन बाजूंना पसरायचे, तळवे उघडे, मान ताठ आणि आवाज अगदी हळू: "थांबा ना जी. मी मधात आहो." नळावर दोन बाया हंड्यांवर आल्या की आमचे फौजी असे उभे. संत्र्याची गाडी आधी कोणाची लागणार यावरून दोन हमाल भिडले की हे उभे. एकदा माझ्या दुकानासमोर दोन कुत्री एकमेकांवर गुरगुरत होती, तिथेही हे हात पसरून उभे राहिले. कुत्र्यांनी ऐकलं नाही. त्यातल्या एकानं त्यांची पोटरी धरली आणि इंजेक्शन माझ्याच दुकानातून गेलं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, भांडण आपलं नसताना ज्याला घरी बसवत नाही.

पांढुर्ण्यात जाम नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. फौजी मूळचे मोहगावचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि बुद्धविहारामागे घर बांधून राहिले. म्हणून सगळे त्यांना फौजी म्हणत. रोज सकाळी माझ्या बाकावर बसून पेपर वाचायचे, आणि सुरुवात थेट परदेशाच्या बातम्यांपासून.

नोकरीतली काही वर्षं त्यांनी आफ्रिकेत काढली होती, साऱ्या देशांनी मिळून पाठवलेल्या शांतिसेनेत. तिथली निळी टोपी त्यांनी जपून ठेवली होती. आमच्या लोकांना वाटे, जयंतीच्या मिरवणुकीची आहे. ते हसून म्हणत, "तेही बरोबरच हाये."

तिथल्या गोष्टी रंगात आल्या की गिऱ्हाईक ताटकळायचं. "पीठ एका देशाचं, तेल दुसऱ्याचं, डॉक्टरीण तिसऱ्याच देशाची, न् पोळ्या कोन लाटून राहिलं? मी!" नदीच्या दोन काठांवर दोन टोळ्या बंदुका रोखून होत्या आणि मधल्या पुलावर हे चार-पाच जण उभे राहिले, ही गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकली होती की ते चुकले तर मीच दुरुस्त करायचो. एकदा मी त्यांना छेडलं, "काका, तुमच्या टोपीले गोळी लागत नाही का?"

"लागते ना भाऊ. कापडाचीच तं हाये. पण टोपीच्या मांगं सारी दुनिया उभी हाये, असं त्याइले वाटे. म्हून थांबत."

नदी तर आमच्याकडेही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि त्या झेंड्यासाठी अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव दिवसभर एकमेकांवर दगड मारतात. ही आमची गोटमार. मामा तिकडे, भाचा इकडे, तरी त्या दिवशी गोटा म्हणजे गोटाच. मात्र कोणी पात्रात पडला की फौजी टोपी घालून घाटाच्या पायऱ्या उतरत आणि झाडापाशी जाऊन हात पसरत. दोन्ही काठ थांबायचे. पडलेल्याला उचलून नेलं आणि फौजी वर चढले की पुन्हा सुरू. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते उतरले की थांबायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना जुन्या सोबत्याचा, एका नेपाळी जवानाचा फोन आला. त्यांची ती आफ्रिकेतली छावणी बंद झाली होती. मोठ्या देशांनी हात काढून घेतले, तंबू गुंडाळले, पुलावर आता कोणी नव्हतं. त्या सकाळी फौजींनी पेपरची घडीसुद्धा मोडली नाही.

"त्या गावाचं काय झालं असन, भाऊ?"

"होईन काहीतरी. दुसरा कोनी देश पाठवन."

"कोन पाठवते? जो तो आपलं दार लावून राहिला. मोठे म्हनतात, आमचं आम्ही पाहू. मंग लहान्यानं कोनाकडे पाहाचं?"

पेपरात त्या दिवसांत रोज तसंच काही असायचं. कोणी करार मोडला, कोणी सभेतून उठून गेला, कोणी शेजाऱ्याच्या जमिनीवर बोट ठेवलं. फौजी वाचायचे आणि पेपर पालथा घालून ठेवायचे. एकदा म्हणाले, "हे एका दिवसात नाही होत. पहिले लोकं टोपीकडे पाहनं सोडतात." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो.

पोळा झाला. गोटमारीत सावरगावचा एक माणूस झाडाजवळ कोसळला. फौजी उतरले, हात पसरले. मी दुकानाच्या दारातून पाहत होतो. गोटे थांबले नाहीत. "बाजूले व्हा, काका!" आमच्या काठावरून कोणीतरी ओरडलं आणि आमच्याच काठावरून आलेला गोटा त्यांच्या कपाळावर बसला. टोपी पाण्यात गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पडलेल्याच्या काखांत हात घालून त्याला ओढत पलीकडच्या काठाला लावलं, आणि जाम नदीच्या पुलावरून एकटेच चालत माझ्या दुकानात आले.

मी कापसानं जखम पुसायला घेतली. "लय दुखून राहिलं का, काका?"

"गोट्याचं काही नाही. तुम्ही आवाज आइकला का? मी उतरलो का आवाज बंद होये. औंदा बंदच नाही झाला." मग जरा हसले. "मले वाटे, हे सारं आपल्याइकडे यायले अजून वेळ हाये."

त्या हिवाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी निमोनिया सांगितला आणि मीही विचारणाऱ्यांना तेच सांगतो. मातीला सावरगावचा तो माणूस आला होता. सगळ्यांच्या मागे उभा राहिला, शेवटपर्यंत थांबला. तो दिसला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

यंदाच्या गोटमारीत दुपारी एक जण पात्रात पडला. कोणत्या काठाचा, ते वरून कळत नव्हतं. क्षणभर दोन्हीकडचे उगारलेले हात थांबले. सगळ्यांच्या माना घाटाच्या पायऱ्यांकडे वळल्या होत्या, माझीही. पायऱ्यांवरून कोणी उतरलं नाही. मग पलीकडून एक गोटा आला, आणि अलीकडून दोन गेले.