जंतूंची भावकी

उभ्या खानदेशात माणसांपेक्षा जंतूंची भावकी जास्त ठाऊक असलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या मेहुणीचे हे यजमान धुळ्याच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवतात आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते बघतात. माझ्या लेकाची इयत्ता त्यांना कधीच आठवत नाही; पण तीन वर्षांपूर्वी कुठल्या वॉर्डातला कोणता जंतू कोणत्या औषधाला बधला नाही, हे ते भर पंगतीत सांगतात.

तसं धरणगावच्या एका लग्नात सांगितलंच. बट्टी चुरता चुरता म्हणाले, "माणूस जमीन फक्त पोरांना देतो. जंतूचं तसं नाही. औषधाला पुरून उरायची विद्या एखाद्या जनुकात आली, की तो त्याची नक्कल शेजाऱ्यालाही देऊन टाकतो. शेजारी आपल्या जातीचा आहे का, एवढंही विचारत नाही!" समोर बसलेले एक आबा घास हातात धरून थबकले. "म्हंजे आपण विरजण देतस तसंच शे ना, भाऊ?" "तसंच. फक्त याच्यासोबत औषध उपसून बाहेर फेकायचा पंपही मिळतो, केळीच्या बागेतल्यासारखा." आबांनी मठ्ठ्याची वाटी हळूच दूर सारली.

आमच्या जळगावच्या घरी आले की पाण्याच्या आधी त्यांना आमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागे. त्यात उरलेल्या गोळ्या असत. आमच्या घराण्याची रीतच अशी, की ताप उतरला की गोळ्या बंद, आणि उरलेल्या पुढच्या आजाऱ्याला. शेजारच्या अक्कांच्या दाढेला मीच दोन दिल्या होत्या, तेही डॉक्टरच्या ऐटीत. साडू डबा जप्त करीत. "अर्धवट मार खाल्लेला जंतू शहाणा होतो हो!" ते गेले की मी नवा डबा ज्वारीच्या कोठीत लपवी.

मग आईचं मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि जखम चिघळली. एकेक औषध हरत गेलं. डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर पाय पुन्हा उघडावा लागेल, आणि या वयात..." साडू रजा टाकून आले आणि वॉर्डाच्या दारात स्टूल मांडून बसले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला अख्खा गोतावळा येतो आणि खाटेवरच बसतो. त्यांनी एकेकाला आधी बेसिनकडे वळवलं. माझ्या मामांनाही सोडलं नाही.

"अरे भो, मी नशिराबादहून आलो ना!"

"जंतूही तुमच्याच बसने आलाय, मामा. आधी हात."

"मग साबण तरी दे बाबा!"

चौथ्या दिवशी जखमेतल्या जंतूच्या तपासणीचा कागद आला. एकच औषध चालणार होतं, आणि ते चाललं. ताप उतरला त्या सकाळी आम्ही दोघं व्हरांड्यात चहा घेत होतो. मी विचारलं, "साडूभाऊ, खरं सांगा. वर्षानुवर्षं मीच आईला त्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्या दिल्या. त्यानंच झालं का हे?"

एरवी जंतूंचा विषय निघाला की हा माणूस तासभर थांबत नाही; या वेळी त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग कपाकडे बघत म्हणाले, "दवाखान्यातला जंतू होता. तो इथं आधीच शिकून बसलेला असतो." आणि कप खाली ठेवत, "जा, आईनं पेज घेतली का बघा."

मी उठलो. ते खरं बोलले की माझं मन राखलं, हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.