कानाने जुळवलेला प्रकाश

लग्नाआधी आमच्या हिने मला सिनेमाला न नेता तिच्या प्रयोगशाळेतल्या लेझरच्या तळघरात नेलं, तेव्हाच पुढचं आयुष्य कसं जाणार हे मी ओळखायला हवं होतं. पंपांची घरघर, काळे पडदे आणि माझ्या नाकावरून घसरणारा जाड चष्मा. तिने झोत भिंगातून हवेतल्या एका बिंदूवर आणला आणि तिथून बारीक चर्रर्र आवाज आला. "हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतायत," ती म्हणाली. मी भूगोलाचा मास्तर. मान डोलावली, दुसरं काय करणार?

प्रकाशाचा एकेक ठोका इतका आखूड, की त्याच्यापुढे पापणी लवायचा वेळ म्हणजे युग. ठोका जितका आखूड, तितका आवाज कडक आणि बारीक. ठोका आखूड-लांब करायची मूठ फिरवत ती ऐकायची आणि नेमक्या जागी थांबायची. मोजायचं यंत्र होतं, पण त्यावर धूळ असायची. "माझे कान आहेत की," म्हणायची.

मग तो ठोका कार्बन मोनॉक्साइडवर सोडायचा. त्या रेणूच्या एका टोकाला कार्बन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. लाल प्रकाशात निळा मिसळायचा, निळा किंचित मागेपुढे सरकवायचा आणि इलेक्ट्रॉनने कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते आपण ठरवायचं, हा तिचा ध्यास. घरातलं मांजर तिचं ऐकत नव्हतं, पण इलेक्ट्रॉनने ऐकावं. संध्याकाळी ती घरी यायची ती पंपांवर मात करायच्या आवाजात बोलतच. त्या आरड्याओरड्यातल्या चहाची मला अजून आठवण येते.

तिच्या निवृत्तीच्या वर्षी सगळं बिनसलं. इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखेच. तिने आरसे बदलले, पंप बदलले, मिस्त्रीवर डाफरली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणालो आणि अबोला ओढवून घेतला. सोमवारी लेझरचं यंत्र सुटं करायचं ठरलं. आदल्या दिवशी तीच म्हणाली, "चला, शेवटचं एकदा बघू."

तिने मूठ फिरवली. आवाज चढत गेला, कडक झाला आणि ती पुढेच गेली. आवाज भरडा झाला, तिथे ती समाधानाने थांबली. तेव्हा मला उमगलं. तिला बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. छान म्हणालो असतो, तर आरशांना दोष देत ती घरी आली असती. पण खोटं बोलवेना.

"पुढे गेलीस गं. मागे घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू मूठ मागे घेतली.

"अजून थोडं. बस."

तिने ठोका रेणूंवर सोडला आणि संगणकाच्या पडद्यावरचा इलेक्ट्रॉनांचा उंचवटा डावीकडे झुकला. तिने निळा सरकवला, तो उजवीकडे गेला. परत सरकवला, परत डावीकडे. ती स्टुलावर टेकली. इतकी वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते समोर होतं, आणि तिचे डोळे भरले होते. माझेही.

"मला वाटलं, यंत्रच म्हातारं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "अहो, आत्ता आवाज कसा आला?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि जमेल तसा चर्रर्र आवाज काढला.

तिने डोळे मिटून ऐकला. "अजून बारीक," म्हणाली.