सिस्टरांचं बोट

सिरिंज उभी धरायची, नखानं दोनदा टिचकी मारायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "थांबा, अजून एक हाय." पेशंटला सुई टोचण्याआधी हवेचा बुडबुडा शोधायची ही सवय सिस्टरांनी एक दिवस माझ्या दुकानात आणली आणि तिथून माझं जळणं सुरू झालं.

नगरला माझं सायकलचं दुकान आहे. समोर एक दवाखाना. सिस्टर तिथल्या. नाव होतंच त्यांना, पण आख्ख्या गल्लीत कुणी ते घेत नसे. वय चाळिशीचं, माहेर सोनईकडचं, अंगानं ठेंगण्या, गळ्यात बारीकसा क्रूस. ड्यूटीला जुन्या लेडीज सायकलवर यायच्या. त्यांची ख्याती एकच. इतरांना सापडत नाही ती शीर त्यांना सापडते. तान्हं बाळ असो की सुकलेला म्हातारा, त्या तर्जनी हलकेच फिरवायच्या, एका जागी थांबायच्या, आणि काम झालेलं असायचं.

माझीही ख्याती होती, म्हणजे मी करून घेतली होती. ट्रायल्स हा प्रकार तुम्ही मोबाईलवर पाहिला असेल. धोंडे, पायऱ्या, कठडे यांवरून पाय न टेकवता सायकल उडवत न्यायची. ती शर्यत नव्हे, तोल सांभाळायचा खेळ. या सायकलीला सीट नसते. जिल्ह्यात ती पहिल्यांदा मी आणली असं मी सांगायचो आणि खोडून काढायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी दोन तास मी ब्रेकशी झटत होतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये वायर नसते, तेल असतं. बोटाचा दाब तेलातून थेट चाकाच्या चकतीपर्यंत जातो. पण तेलात हवा राहिली की हँडलवरचा लिव्हर चहात बुडवलेल्या पावासारखा दबतो. ट्रायल्समध्ये सगळा जीव त्या एका बोटावर असतो. मागच्या चाकावर उभं राहायचं, ब्रेक आवळायचा, सोडायचा, उडी घ्यायची, परत आवळायचा. लिव्हर पावासारखा असेल तर खेळ संपला.

सिस्टर पंक्चर काढायला आल्या होत्या. माझ्या हातातली सिरिंज बघून थांबल्या.

"सायकलीला इंजेक्शन देता का भाऊ?"

"हवा काढतोय ब्रेकमधली."

"द्या इकडं."

त्यांनी सायकल तिरकी केली, नळी वर धरली, नखानं टिचकी मारली. एक बुडबुडा आला. मी लिव्हरला हात घातला. "थांबा, अजून एक हाय." खरंच एक आला, मोहरीएवढा. लिव्हर दाबून पाहिला तर दगड. माझे दोन तास त्यांनी दहा मिनिटांत पुसून टाकले.

"ह्याला सीट कुठंय?"

"नसतेच. बसायचं नाही यावर."

"मग माझीच हाय की ही. ड्यूटीत तरी कुठं बसायला मिळतं?"

आणि चढल्या. पडल्या. हसल्या. परत चढल्या.

पुढचे सहा महिने मी त्यांना शिकवलं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी करून दाखवायचो आणि त्या ते माझ्यापेक्षा हलक्यानं करायच्या. जागच्या जागी सायकल उभी ठेवायला मला चार महिने लागले होते, त्यांना तीन आठवडे. मी ब्रेक मारायचो, त्या ब्रेक धरायच्या. माझं चाक थांबताना किंचाळायचं, त्यांचं नुसतं थांबायचं. बघायला आलेली माणसं मला विचारायची, "सिस्टर कधी येणारेत?" मी म्हणायचो, "ड्यूटी असेल." कित्येकदा मला माहीत असायचं की नाहीये.

त्यांनी एक सेकंडहँड सायकल घेतली, माझ्याच मार्फत, माझ्या सायकलीच्याच बनावटीची. महिनाभरानं एका दुपारी आल्या.

"भाऊ, मागचा ब्रेक दाबला की चाक मागं सरकतं."

"म्हणजे घसरतं?"

"घसरत न्हाई. सूतभर मागं जातं, मग धरतं. मागच्या चाकावर उभं राह्यलं की कळतं."

मी चढून पाहिलं. मला काही कळलं नाही. दोनदा, तीनदा पाहिलं. काही नाही. सात वर्षं मी ही सायकल चालवतोय आणि या बाईच्या बोटाला असं काहीतरी लागतं जे मला लागतच नाही.

"तसं काही नसतं सिस्टर. मनाचे खेळ असतात."

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "आसंल," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी मी माझ्या सायकलचा ब्रेक उघडला. पॅड ज्या खोबणीत बसतात तिथं ते किंचित ढिले होते. चाकानं मागं रेटलं की पॅड आधी सरकायचे, मग चकती पकडायचे. सूतभर. मी कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची बारीक पट्टी कापून खोबणीत सरकवली, चढलो, आणि ते सरकणं थांबल्यावर मला कळलं की ते होतं.

मी सिस्टरांना सांगितलं नाही.

त्याच्याही पुढं गेलो. पुण्याहून चार ट्रायल्सवाले आले होते, त्यांना ब्रेक दाखवला. "हा शोध आपला," म्हणालो. वर बघतो तर सिस्टर दारात. युनिफॉर्ममध्ये, हातात डबा. त्यांना ऐकू गेलं की नाही याचा मी आठवडाभर विचार करत होतो. मग पारनेरच्या माळावर स्पर्धा ठरली आणि मी तो विचार सोडला.

स्पर्धा कसली, पंधरावीस सायकलवाले आणि काळे धोंडे. पाय टेकला की एक गुण दंड. शेवटच्या टप्प्यात दोन मोठे धोंडे, मधे पुरुषभर खोल घळ. पहिल्या धोंड्याच्या कडेला मागच्या चाकावर तोल धरायचा आणि पलीकडं उडी घ्यायची. तिथपर्यंत सिस्टरांचा एकही पाय टेकला नव्हता. माझे दोन टेकले होते.

त्या कडेला गेल्या. चाक उभं केलं. आणि मला दिसलं. इतर कुणाला दिसलं नसेल, कारण कुणाला माहीतच नव्हतं. चाक सूतभर मागं सरकलं. उडीचा जोर तिथंच गेला. सिस्टर घळीत पडल्या, उजव्या हातावर.

मनगट मोडलं होतं. गाडी येईपर्यंत त्यांनी आपलं मनगट आपणच ओढणीनं बांधून घेतलं. पण गाडी आल्यावरही लगेच बसल्या नाहीत. मला पहिला नंबर दिला तेव्हा टाळ्या वाजल्या. त्यांचा एकच हात मोकळा होता, तो त्या मांडीवर वाजवत होत्या.

चार दिवस मी दुकानात टिकलो. पाचव्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो. मोसंबी नेली होती. ती खाली ठेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पट्टी, पुण्याची माणसं, सगळं.

मला वाटलं, त्या हाताबद्दल बोलतील. शोध चोरला म्हणून बोलतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"म्हंजे हुतं ते?"

"होतं."

"मग तू न्हाई का म्हणलास?" पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या. "तुला म्हाईत हाय का, तू न्हाई म्हणल्यापासनं मी वार्डात शीर दोनदोनदा चाचपत हुते? बोट सांगायचं हितं हाय, आन् मला वाटायचं, मनाचे खेळ. एका म्हातारीला तीनदा टोचलं मी. रडली बिचारी. पंधरा वर्सांत आसं झालं नव्हतं."

मी मोसंबी खाली ठेवली.

"हाड जुळतं रे," त्या म्हणाल्या. "बोट खोटं वाटाया लागलं तर मी काय करू?"

प्लास्टर निघेपर्यंत त्या दवाखान्यात टेबलाशी बसून केसपेपर लिहीत होत्या, डाव्या हातानं. दरम्यान त्यांच्या सायकलीला मी पट्टी बसवली. पुण्याच्या चौघांनाही फोन करून खरं सांगितलं. ते हसले. एक म्हणाला, "आम्हाला वाटलंच होतं." त्याचंही मला लागलं.

हात बरा झाल्यावर एका रविवारी सिस्टर म्हणाल्या, "चला पारनेरला." पुन्हा 'तुमी'वर आल्या होत्या. माफ केलं की लांब केलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

माळावर आम्ही दोघंच. त्या त्याच कडेला गेल्या, मागच्या चाकावर उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या. लिव्हरवर एक बोट, चाक खिळ्यानं ठोकल्यासारखं. मी मनातल्या मनात मोजत होतो आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. त्या पार व्हाव्यात आणि त्यांनी पडावं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतोय.

त्या पार झाल्या. सायकल उतरल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पलीकडून म्हणाल्या, "या आता."

मी गेलो नाही. उन्हाचं निमित्त केलं.

पुढच्या वर्षी त्यांना सरकारी नोकरीची ऑर्डर आली, विदर्भात, लांब. टेम्पोत सामान भरताना सायकल त्यांनी स्वतः बांधली, मला हात लावू दिला नाही. "येते भाऊ," म्हणाल्या, टेम्पो वळला, संपलं. दवाखान्यात आता दोन नव्या मुली आहेत. चांगल्या आहेत. शीर सापडली नाही की एकमेकींना हाक मारतात.

जिल्ह्यात आता माझ्या तोडीचं कुणी नाही. नवीन पोरं तसं म्हणतात आणि मी म्हणू देतो. पण रविवारी मी एकटा त्या माळावर जातो. धोंड्याच्या कडेला त्यांच्या मागच्या टायरचा काळा डाग अजून आहे, जिथं त्या थांबल्या होत्या तिथं. मी चाक उभं करतो, ब्रेक आवळतो. माझं चाक त्या डागाच्या दोन बोटं अलीकडंच थांबतं.