गाडी उचलली, पण क्रेननं नव्हे

पाचव्या माळेला पहाटे साडेपाचला दार उघडलं आणि समोर रस्ता मोकळा... आमची गाडी गायब!

आमची गल्ली अंबाबाईच्या देवळाजवळ. नवरात्रात पहाटेपासून दर्शनाची रांग दारावरनं जाते, म्हणून नवरात्रभर रात्री रस्त्यावर गाडी लावायची नाही असा नियम आहे. कोपऱ्यावर तसा बोर्डही आहे, त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घालतं ती गोष्ट वेगळी. चार रात्री मी शहाण्यासारखी लांब मैदानावर गाडी लावून चालत आले.

पण त्या सकाळी आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आधी दोनदा ठरलेलं त्यांनी मोडलं होतं... एकदा अमावस्या आडवी आली, एकदा शिंक. म्हटलं, यावेळी दारातनं थेट गाडीत कोंबायचं, पळवाट ठेवायचीच नाही. म्हणून तेवढी एकच रात्र गाडी दारात लावली हो!

मी कपाळाला हात लावून उभी आणि आण्णांचा चेहरा असा खुललेला की विचारू नका. "देवीच्या मनात न्हाय सूनबाई. दिवाळीनंतर बघू की," म्हणत ते चपला काढायलाही लागले. रिक्षा आणते म्हटलं, तर म्हणे रिक्षाच्या हादऱ्यानं डोळ्याला त्रास होतो.

मी ऐकते होय! हाताला धरून बाहेर काढलं. सहाला गल्ली वाहनांना बंद होणार, त्याआधी रिक्षा गाठायची होती. गल्लीतल्या तालमीपाशी आलो तर आतनं वस्तादांची हाक... "वहिनी, गाडी शोधताय व्हय? हितं हाय की!"

झालं होतं असं, की पाचला वरच्या गल्लीत पोलिसांची क्रेन आली. आण्णांचं ऑपरेशन आज आहे हे तालमीत सगळ्यांना माहीत होतं. गाडी गेली तर आण्णा परत निसटतील, म्हणून आठ पैलवानांनी जोर-बैठका सोडून आमची गाडी उचलली आणि तालमीच्या अंगणात ठेवली. तीही आडवी! पुढं भिंत, मागं भिंत. चालवत बाहेर काढायची सोयच नव्हती.

तोवर गुडघ्याचं कारण सांगून आण्णा गाडीत जाऊन बसलेले. त्यांना उतरवायला गेले तर वस्ताद म्हणाले, "बसू द्यात. वजन ते काय त्यांचं!"

आणि पोरांनी आण्णांसकट गाडी उचलून रस्त्यावर आणली... अंगाला तांबडी माती, तोंडानं एकच गलका. रांगेतल्या एका मावशींनी तर सरळ हात जोडले. आण्णा आधी डॅशबोर्ड घट्ट धरून होते, मग हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले. तरुणपणी ते याच तालमीचे पैलवान. कुस्ती मारली की त्यांनाही असंच उचलून आणायचे म्हणे.

दवाखान्यापर्यंत एक सबब नाही. भीती वाटते का, असं नर्सनं विचारलं तर छाती काढून म्हणाले, "भ्यायचं कशाला? आठ जणांनी उचलून धाडलंय मला."

संध्याकाळी तालमीत पाच लिटर दूध पोचवलं. त्या पोरांचे उपकार असे थोडेच फिटतात... पण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. येताना आण्णा कोपऱ्यावर थांबले, बोर्डावरचा टॉवेल बाजूला केला आणि अख्खा नियम मोठ्यानं वाचून काढला.

"सूनबाई," म्हणाले, "मला दिसतंय. तुला दिसलं नव्हतं व्हय?"