न हलवलेला पाळणा

चिमाआत्याचं पहिलं पोर झोळीतून पडून गेलं. झोळी बाभळीला बांधलेली, आणि ही मेंढरांमागे. त्यालाही आता तीस वर्षं झाली. पुढे तिने घरातल्या एकाही लेकराला झोळीत घालू दिलं नाही.

नात झाली तेव्हा ती सांगोल्याहून तडक माझ्याकडे सोलापुरात आली. दिवाळीनंतर मुलगा जोतिराम आणि सून सोनाली मेंढरं घेऊन बाहेर पडणार, सोबत तोवर चार महिन्यांची होणारी सृष्टी. घडी करून घोड्यावर लादता येईल अशी लेकराची खाट हवी होती. सोनालीने एकच बजावलं होतं, दांड्या धरून ठेवणारे खटके तपासून घ्या.

दुकानात आत्याने कसून पारख केली. जाळीत बोट घातलं, गादी दाबली, कड हुंगली. चांगली होती ती परवडेना, म्हणून हलक्यातली ठरली. खटके पक्के आहेत हे दाखवायला दुकानदार ती उभी करून जोराने हलवणार, तेवढ्यात आत्याने त्याचा हात धरला.

"रिकामा पाळणा हलवू नगंस. लेकराचं पोट दुखतंय."

हा पाळणा नव्हे, असं तो परोपरीने सांगू लागला. लेकरू निजतं तो पाळणाच, हे आत्याचं उत्तर. मी एम. ए. झालेली, एरवी असल्या गोष्टींवर तोंड सोडणारी. पण पोर गमावलेल्या बाईला काय बोलायचं, म्हणून गप्प बसले. जळो तो माझा समजूतदारपणा. न तपासलेली खाट घडी करून आम्ही घेऊन आलो.

मंद्रूपजवळ एका शेतात मेंढरांचा तळ पडला. जोतिरामने खाट उघडली आणि ती रिकामी राहू नये म्हणून आत्याने लगेच नातीला आत निजवलं. तिसऱ्या दिवशी खटका सुटला आणि वरची दांडी सृष्टीच्या हातावर दुमडली. सोनाली जवळच चुलीपाशी होती, म्हणून जीव वाचला. कोपर मात्र मोडलं. हात पुन्हा सरळ होईल याची खात्री डॉक्टर देईनात.

मी भेटायला गेले तेव्हा आत्या पालाबाहेर बसली होती. चूक माझीही आहे, मी म्हणाले. आत सृष्टी रडू लागली, तशी आत्या उठली. सोनाली पालाच्या तोंडाशी आली.

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई. मी घेते तिला."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. आत्या पुन्हा खाली बसली.

"बरूबर हाय तिचं," ती मला म्हणाली. "मी बी दिली नसती."