मामीने चालू ठेवलेली मालिका

माझ्या सावद्याच्या मामीने आयुष्यात जितक्या मुलींची लग्नं लावली, जितकी बाळंतपणं जीव मुठीत धरून पार पाडली आणि जितक्या माणसांचं सुतक पाळलं, तितकं अख्ख्या रावेर तालुक्यात कुणी केलं नसेल. आणि या माणसांपैकी एकही कधी जन्माला आलेलं नव्हतं. ती सगळी आधी रेडिओत राहायची, नंतर टीव्हीत राहायला गेली. मामीचा त्यांच्याशी घरोबा इतका, की तिच्या तोंडून एखादं नाव आलं की ते भाऊबंदांतलं की मालिकेतलं, हे लग्न होऊन आलेल्या सुनांना वर्ष वर्ष उमगत नसे. मामाही गडबडायचे. एकदा ते केळीच्या बागेतून दुपारी जेवायला आले तर ताटात नुसतं वरण. मामीच्या डोळ्यांना पदर. मामांनी चपला तशाच पायात ठेवून घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?" मामी हुंदका आवरत म्हणाली, "रेडिओतले आबा गेले. आज घरात फोडनी नाही." मामांनी चपला काढल्या, हात धुतले आणि निमूटपणे बिनफोडणीचं वरण भाकरीशी खाल्लं. आबांविषयी त्यांच्याही मनात आदर असावा.

रेडिओच्या त्या दिवसांत मामी आणि तिची थोरली जाऊ एकाच घरात होत्या. थोरलीला सगळे अक्का म्हणायचे. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालून झाल्या, की दोघी कोनाड्यातल्या रेडिओपुढे बसायच्या. हातात निवडायचं धान्य असे, पण मालिका रंगात आली की सुपातले खडे सुपातच राहत आणि संध्याकाळी मामांच्या दाताखाली येत. अक्का बोलायच्या कमी आणि ऐकायच्या फार. मामीचं नेमकं उलट. मी धुळ्याहून सुट्टीला जायची तेव्हा या दोघींच्या मधे बसायची, आणि मला रेडिओपेक्षा त्यांच्या तोंडाकडे बघायलाच जास्त आवडायचं.

मग टीव्ही आला. गच्चीवर ॲन्टेना लागला. वाऱ्याने तो फिरला की मालिकेतल्या माणसांवर मुंग्या यायच्या आणि मामी खालून ओरडायची, "फिरवा, फिरवा! सुलभा बुडाली!" ही सुलभा म्हणजे तिच्या सगळ्यात लाडक्या मालिकेची नायिका. तिला दिवस गेले तेव्हा मामीने आळीतल्या बायका बोलावून तिचं डोहाळजेवण केलं. टीव्हीला झेंडूची माळ, वर नारळ आणि खण, आणि समोरच्या पाटावर पुरणपोळीचं ताट. सुलभाने त्या दिवशी सासूची बोलणी खाल्ली, पोळी बायकांनी खाल्ली. पुढे मालिका इतकी लांबली, की वर्ष उलटून गेलं तरी सुलभा आपली कंबरेवर हात ठेवून जिना चढतेच आहे. आळीतली एक फाटक्या तोंडाची बाई म्हणाली, "हत्तीन हाये काय वं ही?" मामीने तिला शांतपणे समजावलं, "तिचा दिवस अर्ध्या तासाचा असते. त्यातबी जाहिराती. आपल्यासारखे भरगच्च दिवस कुठी भेटते तिले?" त्या बाईला हा हिशोब पटला. मलाही पटला.

मामी खरी थोर झाली ती भारनियमनाने. सुलभा दाराची कडी काढते आहे, बाहेर कोण उभं आहे ते आता दिसणार, आणि वीज जायची. बायका हळहळत उठू लागायच्या. "बसा वं," मामी म्हणायची, "कुठी चालल्या? दार उघडलं तिनं." आणि ती पुढचं सांगायला लागायची. दाराबाहेर कोण होतं, त्याच्या अंगावर कसला सदरा होता, त्याने सुलभाकडे बघून मान कशी खाली घातली. अंधारात तिचा आवाज कधी सासूचा व्हायचा, कधी सुलभाचा. बांगड्या वाजवून ती भांडणं उभी करायची आणि गप्प राहून रडणं. वीज आली तरी कुणी टीव्ही लावू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीत काही भलतंच निघालं, तर बायका टीव्हीवर चिडायच्या. "हे नाही चांगलं केलं त्याहिनं. कालचं किती छान व्हतं." मी नंतर पुष्कळ नाटकं पाहिली, व्याख्यानं ऐकली, पण अंधारात बसलेल्या पंधरावीस बायकांचा श्वास एका वेळी अडकलेला मी फक्त मामीच्याच ओसरीवर ऐकला आहे.

त्या मालिकेतली दुष्ट सासू एकदा जळगावला साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला आली. मामी मला घेऊन एसटीने निघाली. फैजपूर जाईपर्यंत सासूला सुनवायचं तिचं भाषण तयार झालं होतं आणि भुसावळपर्यंत शेजारच्या सीटवरच्या बायकांनी त्यात भर घातली होती. दुकानात रेटारेटी करून आम्ही अगदी पुढे पोचलो. मी डोळे मिटून घेतले. मामी त्या बाईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सकायपासून काही खाल्लं का वं तू?" ती नटी दचकली. तिने नाही म्हणून मान हलवली. मामीने पिशवीतून केळीचे वेफर आणि रव्याचा लाडू काढून तिच्या हातात ठेवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्ही परत आलो. येताना मामी गंभीर होती. "इतकी वाळली ते. तिच्या घरात तिले कोनी जेवाले इचारत नसीन, म्हनून ते सुनेवर वरडते." त्या दिवसापासून भारनियमनात सासू सुधारत गेली. वीज असताना ती पूर्वीसारखीच दुष्ट राहिली, पण तो मामीच्या हातातला भाग नव्हता.

दरम्यान घरात मात्र मालिकेत शोभेल असं एक भांडण झालं. अक्कांच्या मुलाच्या लग्नात हळद लावायला सगळ्यांना हाक मारली आणि मामीला मारायची राहिली. राहिली की मुद्दाम मारली नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. मामी मांडवातून उठून आली आणि काहीतरी लागेल असं बोलून आली. अक्कांनी ते ऐकलं. वाटण्या त्याआधीच झाल्या होत्या, मधे भिंत होती, भिंतीतलं दार त्या दिवशी लागलं. वर्षं गेली. समोरासमोर आल्या तरी दोघी एकमेकींच्या डोक्यावरून आभाळ बघायच्या. अक्कांनी त्यांचा वेगळा टीव्ही घेतला. गंमत म्हणजे संध्याकाळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना सुलभाच लागलेली असायची. इकडे मामीने नाक ओढलं की तिकडून अक्कांचा हुंदका यायचा, मग इकडचा जरा मोठा व्हायचा. मामा मला म्हणाले होते, "दोघी सोबतच रडतेत. फक्त बोलत नाही."

मग अक्कांची नजर गेली. काचबिंदू होता, उपचारही झाले, पण हळूहळू सगळं विझलंच. तरी संध्याकाळी त्या टीव्हीपुढे बसायच्या. आता मालिका नुसती ऐकून समजत नाही. तिच्यात अर्धा वेळ माणसं एकमेकांकडे बघत असतात आणि मागे ढोल वाजत असतात. भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज यायचा, "आता काय झालं? कोन आलं?" त्यांची सून धुळ्याकडची, साधी मुलगी. ती म्हणायची, "काही नही शे, अक्का. नुस्त्या दखी ऱ्हायन्या." नुसत्या बघताहेत, एवढंच अक्कांना कळायचं. थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" पुन्हा तेच उत्तर.

मी त्या आठवड्यात सावद्याला होते. मामी पहिल्या दिवशी अस्वस्थ झाली, दुसऱ्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मालिका लागली तशी ती भिंतीला पाठ लावून बसली आणि मामांना उद्देशून मोठ्याने बोलायला लागली. "पाहा, आता सुलभा जिन्यावर उभी हाये. हातात दुधाचा पेला हाये. हात कापू राह्यला तिचा."

मामा पेपरातून डोकं काढून म्हणाले, "मले काहाले सांगते? मी पाहू राह्यलो ना."

"तुमाले नाही दिसत!" मामी कडाडली. "खाली सासू उभी हाये. पदर तोंडाशी धरला तिनं. आतून रडू राह्यली, पन दाखवत नाही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि पेपर घडी करून ठेवला. "हो का," ते तितक्याच मोठ्याने म्हणाले, "मंग मले काहीच दिसलं नाही बाप्पा. सांग."

पलीकडच्या टीव्हीचा आवाज हळूहळू कमी होत गेला आणि बंद झाला. असं रोज चाललं. मामी सांगायची, मामा आंधळे व्हायचे आणि भिंतीपलीकडे सगळं शांत असायचं. मी जायच्या आदल्या संध्याकाळी सुलभाच्या हाती कसलासा निरोप आला आणि वीज गेली. मामी थांबली. दोन्ही घरांत अंधार. कुणी हललंसुद्धा नाही. आणि भिंतीपलीकडून, जरासा घोगरा, इतक्या वर्षांनी आमच्या घराला उद्देशून, अक्कांचा आवाज आला:

"मंग? काय व्हतं त्या निरोपात?"

मामीने तोंडाला पदर लावला. मग ती उठली, चाचपडत भिंतीतल्या दाराशी गेली आणि म्हणाली, "असं भिंतीतून नाही सांगता येत, अक्का. थांबा. मी येते तिकडं." कडी गंजली होती. मामांनी आणि मी मिळून ती काढली. मामी गेली, अक्कांच्या खाटेवर बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन तिने निरोप वाचायला सुरुवात केली. हळदीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही कधी निघाला नाही.

पुढे ती मालिका एकाएकी बंद पडली. शेवटच्या आठवड्यात सुलभाला गाडीखाली घालून त्यांनी गाशा गुंडाळला. मामीने ते अक्कांना सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला ती पलीकडे गेली आणि सुलभा जिवंत, खुशाल, सकाळची अंगण झाडते आहे, तिथून पुढे सुरू झाली. सुलभाची मुलं मोठी झाली, एकाने शिक्षण सोडलं, मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं. मी जाईन तेव्हा ऐकायची. एकदा अक्कांची सून मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन कुजबुजली, "ताई, हाई बठ्ठं खोटं शे!" मी म्हटलं, "माहीत आहे." ती डोळे विस्फारून म्हणाली, "मना पन जीव अडकी जायेल शे त्यामा." अंध माणसाला न दुखावता, वर्षानुवर्षं, रोज एक नवी संध्याकाळ उभी करून देणारी आमची मामी. मी तिच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघायची.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. कामामुळे मला तेव्हा पोचता आलं नाही, महिन्याभराने गेले. मामी ओसरीवर बसली होती. घरात आता मोठा सपाट टीव्ही आहे, नातसुनेच्या फोनवरही मालिका चालतात, पण मामीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला जरा बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "सुलभाचं कसं चाललंय?"

"तिची सून बायंतपनाले गेली," मामी म्हणाली. "दवाखान्यात हाये."

"मुलगा झाला की मुलगी?"

"मले काय माहीत?"

मी हसले. "तूच तर सांगतेस."

मामीने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "मी एकली कुठी सांगत व्हती? अक्का अन् मी मिळून ठरवत व्हतो." मला काही कळेना. मग तिने सांगितलं. मालिकेच्या सुरुवातीला ते मोठं गाणं वाजायचं, ते वाजेनासं झालं त्याच दिवशी अक्कांनी ओळखलं होतं. "डोये गेल्ते त्यांचे, कान थोडे गेल्ते? मले म्हने, बरं झालं बंद पडलं. त्याहिले सांगताच येत नव्हतं. आता आपन सांगू." सुलभाच्या मुलाने शिक्षण सोडावं हे अक्कांचं, मुलीचं लग्न मोडू नये हा मामीचा हट्ट. त्यावरून दोघी दुपारी भांडायच्या आणि संध्याकाळी मामी सांगायची, अक्कांच्या सुनेने ऐकावं म्हणून. "ते बिचारी इतकं मन लावून आयकायची, अक्कांले सगळं माहीत हाये, हे तिले कसं सांगावं?"

मामी गुडघ्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होती. केळीने भरलेला एक ट्रॅक्टर गेला, त्याचा धुरळा खाली बसला.

"बायंतपनाचं अक्का सांगनार व्हत्या," ती म्हणाली. "पोरगा का पोरगी, उद्या सांगते म्हने. मंग राह्यलंच ते."

"मुलगी होऊ दे," मी म्हणाले.

तिने मान वळवली. "कामून?"

"मला वाटतं म्हणून. अक्कांसारखी, कमी बोलणारी."

मामीने त्याचा बराच विचार केला. मग पदराने ओसरीची कड पुसून माझ्यासाठी जागा केली. "मंग तू उद्याच्या दिवस थांब," ती म्हणाली. "असं घाईनं नाही होत बायंतपन."

मी धुळ्याला कचेरीत फोन लावला आणि घरात बाळंतपण आहे असं सांगून रजा वाढवून घेतली.